झाकणाचं बटण दाबून सीडी बदलायची ट्रिक: प्लेस्टेशनवर चालायची, मग बाकीच्यांवर का नाही?

तिसरा_मजला:
गणपती आठ दिवसांवर आले म्हणून रविवारी माळा रिकामा करायला घेतला आणि मोदकपात्राच्या मागे जुन्या चादरीत गुंडाळलेलं माझं पहिलं प्लेस्टेशन सापडलं. करड्या रंगाचं, खाली एससीपीएच-१००२ लिहिलेलं, टीव्हीची लाल-पांढरी-पिवळी भोकं थेट मागच्या बाजूला. मामा बोटीवर होता, त्याने ९७ साली आणलेलं, आणि परळच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तेव्हा ते एकच होतं त्यामुळे सुट्टीत आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची.

मामाने नंतर योकोहामाहून दोन जपानी सीडी आणल्या, अगदी ओरिजिनल, डब्बा-पुस्तिकेसकट, पण मशिन त्या घेईना. मग वरच्या मजल्यावरच्या एका दादाने ट्रिक शिकवली. सीडी ठेवायच्या खोलगट भागाच्या कडेला एक छोटं भोक आहे, झाकण लावलं की झाकणाचा दांडा त्यात जातो आणि आतलं बटण दाबलं जातं. त्या भोकात खोडरबराचा तुकडा कापून बसवायचा म्हणजे झाकण सताड उघडं असलं तरी मशिनला वाटतं लागलेलंच आहे. मग आधी आपली नेहमीची सीडी लावायची, चालू करायचं, फिरण्याचा आवाज बदलला की पटकन काढून जपानी ठेवायची, परत एकदा ओरिजिनल, परत जपानी. दहा वेळात तीन वेळा जमायचं. जमलं की सगळी चाळ ओरडायची.

आता प्रश्न. शेजारच्या बिल्डिंगमधे एकाकडे सेगाचं सॅटर्न होतं, त्याच्यावर आम्ही हेच अख्खी दुपार केलं, झालं नाही. पुढे पीएसटू, म्हणजे प्लेस्टेशन २ आला त्याला तर झाकणच नाही, ट्रे बाहेर येतो, बोटही घालता येईना. एकच कल्पना, एकीकडे चालते, दुसरीकडे नाही, असं का? आम्ही तेव्हा समजायचो की प्लेस्टेशनची सीडी खालून काळी असते ना, मशिन तो काळा रंग ओळखतं. आणि अजून एक कोडं आहे, ते पंचवीस वर्षं डोक्यात आहे. जपानी सीडींपैकी एक गाड्यांच्या रेसचा गेम होता, तो ट्रिक करून चालायचा झकास, पण रेस चालू असताना गाणी भलतीच लागायची, मधूनच कुठून तरी सुरू व्हायची, आणि कधी कधी गाणंच नाही, नुसता इंजिनाचा आवाज. का?

खारी_बिस्कीट:
काळ्या रंगाचं आमच्याकडेही सगळे हेच सांगायचे! लॅमिंग्टन रोडला कोऱ्या काळ्या सीडी मिळायच्या, साध्यापेक्षा महाग, आणि दुकानदार शपथेवर सांगायचा की ह्याच्यावर कॉपी केली की चिप लागत नाही. मी खाऊच्या पैशातून दोन घेतल्या होत्या. एकही चालली नाही. त्याचं वाईट अजून वाटतं कारण ते पैसे आजीने दिलेले.

सोल्डर_गन:
रंगाचा काही संबंध नाही. सीडीच्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, म्हणजे इन्फ्रारेड, आणि त्या लेझरला ते काळं प्लास्टिक आरपार दिसतं. काळा रंग दिसायला वेगळा म्हणून, एवढंच.

खरी गोम वेगळीच आहे आणि फार हुशारीची आहे. मी २० वर्षं रिपेअरिंग करतोय, तरी मला अजून ती आवडते. सीडीवर माहिती एका गोल गोल जाणाऱ्या वाटेवर असते, आतून बाहेर. प्लेस्टेशनच्या ओरिजिनल सीडीत अगदी आतल्या भागात, जिथे सीडीची अनुक्रमणिका असते तिथे, ही वाट मुद्दाम किंचित डावी-उजवी हलवलेली असते. नागमोडी. त्या हलण्यातून चार अक्षरं पाठवलेली असतात. जपानच्या सीडीत एससीईआय, अमेरिकेच्या एससीईए, युरोपच्या एससीईई. मशिनमधे ड्राइव्हचा वेगळा कंट्रोलर आहे, तो झाकण लागलं की ही चार अक्षरं शोधतो, आपल्या मशिनची मिळाली तर 'चालेल' अशी एक खूण स्वतःकडे करून ठेवतो, नाही मिळाली तर पुढचं काही वाचूच देत नाही. तुमचं १००२ म्हणजे युरोपचं मॉडेल. जपानी सीडी ओरिजिनल असूनही नाकारायचं ते म्हणूनच, तिच्या नागमोडीत शेवटचं अक्षर वेगळं.

लोक 'चिप मारून घ्यायचे' ती चिप दुसरं काही करत नव्हती, ड्राइव्हच्या वायरीवर तीच चार अक्षरं बाहेरून ओरडत बसायची.

तिसरा_मजला:
म्हणजे गेम एका जागी आणि तिकीट दुसऱ्या जागी. पण मग सीडी कॉपी करताना ती नागमोडी वाट पण कॉपी का होत नाही? रायटर सगळं वाचतो ना?

सोल्डर_गन:
नाही वाचत, तिथेच मजा आहे. लोकलचं बघा. परळहून करी रोडला जाताना रूळ कुठे वळतात हे गाडीत बसलेल्या माणसांच्या यादीत नसतं. गाडी वळते, माणसं पोचतात, यादी तीच. लेन्सला पण रुळावर राहायला एक यंत्रणा असते, वाट हलली की लेन्स हलवते, आणि कॉम्प्युटरला फक्त माणसांची यादी म्हणजे डेटा देते. वाट हलली होती हे ती कोणालाच सांगत नाही.

आणि समजा कळलं, तरी लिहिणार कुठे? कोऱ्या सीडीवर वाट कारखान्यातच दाबून आलेली असते, तिचीही स्वतःची नागमोड असते, २२.०५ किलोहर्ट्झची, रायटरला वेग आणि जागा कळावी म्हणून. रायटर त्या आयत्या वाटेवर डेटा जाळत जातो. वाट बदलणं त्याच्या हातातच नाही. म्हणून कॉपीत गेम १००% येतो आणि तिकीट ०%.

स्लो_लोकल:
सोल्डरदादा, मस्त. मी कन्सोलवाला नाही, नाटकवाला आहे, पण मला हे असं समजलं ते बरोबर आहे का बघा. नाट्यगृहाच्या दारात डोअरकीपर असतो. तो तिकीट दारात बघतो, आत खुर्चीपाशी येऊन बघत नाही. एकदा आत गेलात की गेलात. आता मध्यांतरात तुम्ही चहा-वड्याला बाहेर आलात, परत जाताना त्याने पुन्हा बघायला हवं. पण तो दाराकडे बघतच नसेल, फक्त दाराची कडी वाजली की उठत असेल, तर कडी न वाजवता जो आत-बाहेर करेल त्याला तो विचारणारच नाही. ते खोडरबर म्हणजे कडीला बांधलेलं फडकं.

सोल्डर_गन:
हो, अगदी हेच. ट्रिक का चालते याचं उत्तर एवढंच आहे की तपासणी एकदाच होते, आणि 'डिस्क बदलली' हे ड्राइव्हला कळायचा एकमेव मार्ग म्हणजे ते झाकणाचं बटण. बटण सुटलं की कंट्रोलर आपली खूण पुसतो आणि पुन्हा नागमोड शोधतो. बटण सुटलंच नाही तर खूण तशीच राहते. मधे डिस्क उचलली तर लेन्सचा फोकस जातो, पण फोकस जाणं म्हणजे त्याच्या लेखी ओरखडा, धक्का, धूळ, तो परत परत वाचायचा प्रयत्न करतो. चोरी झाली असं त्याला वाटत नाही.

मध्यांतराचं पण बरोबर. तीन-चार सीडींचे गेम होते, फायनल फँटसी ७ तीन सीडींचा, ८ चार सीडींचा, त्यात गेमच म्हणतो आता दुसरी सीडी लावा. म्हणजे मधे झाकण उघडायला परवानगी देणं भाग होतं. फक्त उघडलं की पुन्हा तपास.

तपासाच्या वेळी फिरण्याचा वेग बदलतो तो कानाला कळतो, म्हणून तुमच्या वरच्या मजल्यावरचा दादा आवाजावर सीडी बदलायचा. आणि प्लेस्टेशनच्या मधल्या खुंटीला स्प्रिंगवर तीन छोट्या गोळ्या आहेत, त्या सीडीला पकडतात, त्यामुळे बोटाने पटकन काढता-लावता येते. साध्या यंत्ररचनेनेच ही ट्रिक शक्य केली.

मायनस_साडेचार:
मधे बोलतो, माफ करा, पण हे कोणी करणार असेल तर आधी वाचा. मी लेझरच्या लॅबमधे काम करतो. ते झाकणाचं बटण फक्त कॉपी पकडायला नाहीये, झाकण उघडलं की लेझर बंद व्हावा म्हणून ते असतं, प्रत्येक उघडणाऱ्या सीडी प्लेयरमधे असतं. ते दाबून ठेवलं की उघड्या झाकणाखाली लेझर चालू राहतो. ७८० नॅनोमीटर डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, फार तर मंद लालसर ठिपका, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. शक्ती कमी असते, पण डिस्क काढलेल्या क्षणी वाकून लेन्समधे बघू नका. बाजूने हात घाला, तोंड लांब ठेवा. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासमोर करूच नका कारण ती हमखास वाकून बघतात.

तिसरा_मजला:
हे कुणी तेव्हा सांगितलंच नाही हो. आम्ही सात-आठ पोरं त्याच्यावर डोकी घालून बसायचो. मनापासून आभार.

अंधेरी_ईस्ट_९४:
सॅटर्नवाला मी. माझ्याकडे आजही आहे, चालू आहे, त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून जरा लांबण लावतो.

तुमची ट्रिक सॅटर्नवर झाली नाही कारण तुम्ही प्लेस्टेशनच्या वेळेवर सीडी बदलत होतात. सॅटर्नवर पण ट्रिक आहे, झाकण आहे, झाकणाचं बटण आहे, सगळं आहे. पण सेगाने तिकीट आत नाही, बाहेर ठेवलं. ओरिजिनल सॅटर्नची सीडी उजेडात तिरकी धरा, अगदी काठाला एक वेगळी दिसणारी पट्टी दिसेल. ती पट्टी साध्या रायटरला लिहिता येत नाही. चालू केल्यावर लेन्स आधी आतलं वाचते, मग सरसर बाहेर काठापर्यंत जाते, पट्टी बघते, आणि परत आत येऊन गेम वाचायला लागते. तर सीडी बदलायची ती काठ बघून झाल्यावर आणि परत आत पोचायच्या आधी. हे एक-दीड सेकंदाचं काम आहे आणि डिस्क तेव्हा फिरत असते! लेन्स बाहेर जाते तेव्हा बारीक कर्र असा आवाज येतो, परत येताना पुन्हा. मी कॉलेजात असताना तो दुसरा कर्र सुरू झाला की बदलायचो. आधी बदललं तर पट्टी मिळत नाही, नंतर बदललं तर तो जुन्या सीडीचं वाचायला लागलेला असतो. पन्नासात एखादा प्रयत्न, आणि प्रत्येक चुकीच्या प्रयत्नात ओरिजिनलवर एक नवा ओरखडा. मी एक चांगली सीडी त्यात घालवली. त्यामुळे कल्पना तीच, पण दार उघडं राहायचा वेळ फार कमी.

सॅटर्नच्या ड्राइव्हला स्वतःचा वेगळा प्रोसेसर आहे आणि त्याचा आतला प्रोग्रॅम कोणाला बाहेर काढता येत नव्हता. मशिन आलं १९९४ ला, आणि तो प्रोग्रॅम बाहेर काढल्याचं जाहीर झालं २०१६ ला, जेम्स लेअर्ड-वाह नावाच्या माणसाने केलं. २२ वर्षं! मी तो व्हिडिओ रात्री दोन वाजता बघितला आणि झोप लागली नाही.

खारी_बिस्कीट:
अंधेरीभाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

पण मग ज्या कन्सोलला झाकण होतं आणि काहीच तपासणी नव्हती असं पण काही होतं का?

सोल्डर_गन:
होतं. पीसी इंजिनचा सीडीचा जोड १९८८ चा, मेगा सीडी, थ्रीडीओ, यांना कॉपीची तपासणीच नव्हती. मेगा सीडीला देशाचं कुलूप होतं, पण कॉपीचं नाही. कारण तेव्हा गरजच वाटली नाही. एका सीडीत साधारण ६५० एमबी, आणि घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क त्याहून लहान, रायटर हजारो डॉलरचा. सीडी हीच मोठी भिंत होती. तिथे ट्रिक 'चालते का' हा प्रश्नच येत नाही, कॉपी सरळ लावा, चालते. भिंत पडली ती ९५ नंतर रायटर स्वस्त झाले तेव्हा.

भांडुपची_ताई:
पीएसटूबद्दल मी लिहिते. माझा भाऊ आणि मी २००३ ते २००९ भांडुपला गेम पार्लर चालवायचो, सहा पीएसटू, तासाला वीस रुपये, आणि त्यातली दोन मशिन मीच उघडून साफ करायचे त्यामुळे आतून बाहेरून माहिती आहेत.

पीएसटूवर पण ट्रिक होती, फक्त हात घालायला झाकण नव्हतं. ट्रे बाहेर यायचा तो बटण दाबल्यावर मोटरने, आणि त्या बटणाने मशिनला कळायचं की डिस्क बदलतेय. म्हणून लोकांनी काय केलं, ट्रेच्या पुढची प्लास्टिकची पट्टी काढली आणि फटीतून एक पातळ कार्ड घालून ट्रेची दातेरी पट्टी सरकवून ट्रे हाताने बाहेर ओढला. बटण दाबलंच नाही, मोटर चाललीच नाही, म्हणजे मशिनच्या मते ट्रे आतच आहे. काहींनी तर मशिनचं वरचं कव्हरच बदलून झाकण उघडणारं बसवलं, म्हणजे पीएसटूचं परत प्लेस्टेशन केलं. सोबत स्वॅप मॅजिक नावाची डिस्क लागायची, ती आधी लावायची, ती ड्राइव्हला शांत थांबवायची आणि सांगायची की आता बदला. त्यामुळे फिरत्या डिस्कशी मारामारी नाही. आणि ती डिस्क जोडीत यायची, एक सीडी आणि एक डीव्हीडी, कारण पहिली जी लावली त्यावरून मशिन ठरवून टाकायचं की आत सीडी आहे की डीव्हीडी, मग सीडीच्या भरवशावर डीव्हीडी वाचता येत नाही. आम्ही एकदा हे विसरून दोन तास मशिन बिघडलं म्हणून रडत होतो, तेव्हा पार्लर भरलेलं होतं.

२००४ चा स्लिम आला त्याला परत वर झाकण. त्यात सेन्सर एकापेक्षा जास्त आहेत, ते चिकटपट्टीने दाबायचे. मुलं कापसाचे बोळे घालायची, मग तो कापूस लेन्सला लागायचा आणि मशिन माझ्याकडे यायचं.

स्लो_लोकल:
ताई, म्हणजे डोअरकीपर तोच, फक्त कडी बदलली.

भांडुपची_ताई:
हो दादा, कडी बदलली. पण पुढच्या मशिनमधे डोअरकीपर पण बदलला, ते कोणीतरी लिहा, मला त्यातलं नीट माहिती नाही.

कुर्ला_कारशेड:
मी लिहितो. पुढे हळूहळू दोन गोष्टी झाल्या आणि लोक त्या एकात एक मिसळतात.

एक म्हणजे सही. २००१ च्या एक्सबॉक्सपासून प्रत्येक प्रोग्रॅमवर कंपनीची डिजिटल सही असते, सही जुळली नाही तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. निंटेंडोच्या वी (Wii) कन्सोलमधे तर पुढे जाऊन डिस्कचा डेटा कुलूपबंद असतो आणि ३२ किलोबाइटच्या प्रत्येक तुकड्याची पडताळणी वाचताना होते. म्हणजे माणूस आत आला तरी खुर्चीखुर्चीपाशी बॅटरी मारून तिकीट बघतात. म्हणून ट्रिक मेली.

सोल्डर_गन:
कारशेड, इथे थांबवतो, कारण हे अर्धंच बरोबर आहे. सही नक्कल थांबवत नाही! जशीच्या तशी कॉपी केली तर सही पण जशीच्या तशी कॉपी होते, ३२ किलोबाइटचा तुकडा तोच, पडताळणी पास. सही थांबवते ती बदललेल्या डेटाला, म्हणजे कोणी घरी लिहिलेला प्रोग्रॅम, फिरवलेला गेम. नक्कल थांबवायला अजूनही डिस्क खरी आहे का हे ड्राइव्हलाच बघावं लागतं. वीवर बदलाबदली जमत नाही त्याचं साधं कारण म्हणजे डिस्क फटीतून आत जाते, तिला मोटर खेचते, मोटर बाहेर ढकलते, बाहेर गेली की ड्राइव्हला कळलेलंच असतं. तिथे फसवायला मोकळं बटणच नाही.

कुर्ला_कारशेड:
मान्य, मी दोन्ही एकत्र केलं, हीच चूक मी इतरांना सांगणार होतो. मग दुसरी गोष्ट तुमच्या मुद्द्याला धरून लिहितो, प्रश्न विचारायची पद्धत. एक्सबॉक्स ३६० मधे ड्राइव्ह आणि मशिन यांच्यात एक किल्ली वाटलेली असते, म्हणजे परका ड्राइव्ह बसवताच येत नाही. आणि मशिन ड्राइव्हला डिस्कबद्दल असे प्रश्न विचारतं ज्यांची उत्तरं डेटात नाहीत, डिस्कच्या घडणीत आहेत, जसं की अमुक दोन जागांमधला कोन किती. कॉपीत डेटा येतो, कोन येत नाही. म्हणून ३६० वर लोकांनी डिस्क बदलायचा नाद सोडला आणि ड्राइव्हचा आतला प्रोग्रॅम बदलला, म्हणजे डोअरकीपरलाच आपला माणूस केला.

आणि पहिल्या एक्सबॉक्सवर बदलाबदलीची ट्रिक होती बरं का, पण डिस्कची नाही, हार्ड डिस्कची! ती हार्ड डिस्क पासवर्डने बंद असायची, चालू करताना मशिन ती उघडायचं, आणि एकदा उघडली की वीज जाईपर्यंत उघडीच राहायची. मग लोक मशिन चालू ठेवून, विजेची वायर तशीच ठेवून, फक्त डेटाची पट्टी काढून कॉम्प्युटरला लावायचे. मी २००५ ला मित्राच्या घरी सायनला हे केलंय, हात थरथरत होते. एकदा तपासा, मग विसरा, ही खोड फक्त सीडीची नाही.

अंधेरी_ईस्ट_९४:
निंटेंडोच्या गेमक्यूबची बदलाबदली पण लोक कॉपीची समजतात, ती खरं तर देशाच्या कुलुपाची होती. फ्रीलोडर डिस्क आधी लावायची, मग परदेशी पण ओरिजिनल डिस्क. तिथे डिस्क खरी असल्याने ड्राइव्हला तक्रारच नाही. देश फक्त मशिनचा सुरुवातीचा प्रोग्रॅम बघायचा, आणि तो टप्पा मागे पडलेला.

सेगाच्या ड्रीमकास्टची गोष्ट मात्र उलटी आहे. वर झाकण, बदलायला एकदम सोपं, पण बदलून वाचणार काय? त्याची जीडी-रॉम साधारण १ जीबीची, आत थोडा भाग साध्या सीडीसारखा आणि ४५,००० व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डेटाचा ठरलेल्या मापाचा तुकडा) बाहेर दाट लिहिलेला. कोऱ्या सीडीला तो दाट भागच नसतो. म्हणजे दार उघडं असून आत खुर्च्याच नाहीत. पण सेगाने मिल-सीडी नावाचा गाण्यांच्या सीडीचा प्रकार काढला होता, ज्यात प्रोग्रॅम असू शकायचा, आणि तो साध्या सीडीवरून सुरू व्हायचा. त्या दारातून २००० साली सगळे आत आले, बदलाबदलीची गरजच पडली नाही. शेवटच्या मशिनमधून ते दार काढलं, पण फार उशीर झाला होता.

आणि उलट ट्रिक ऐका, मला सगळ्यात आवडते ती. जीडी-रॉम वाचायला लोक कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर बदलाबदली करायचे! आधी एक अशी सीडी लावायची जिच्या अनुक्रमणिकेत खोटंच लिहिलंय की मी फार लांब आहे, ड्राइव्हने ते वाचलं की थांबवायचं, वरचं कव्हर काढून जीडी-रॉम ठेवायची, आणि ड्राइव्ह जुन्या अनुक्रमणिकेच्या भरवशावर दाट भागात शिरायचा. सगळ्या ड्राइव्हवर नाही, काहींवर.

संपादक_पाटी:
एक सूचना. जुन्या मशिनचं काम कसं चालतं याची चर्चा छान चाललीये, चालू द्या. फक्त कॉपी कुठे मिळते याच्या लिंका देऊ नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलंय, हक्क मोडण्याच्या हेतूने असं संरक्षण तोडणं गुन्हा आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

तिसरा_मजला:
माझ्याकडच्या दोन्ही जपानी सीडी ओरिजिनल आहेत, मामाने पैसे मोजून घेतलेल्या, मला त्याच चालवायच्या आहेत.

अंधेरीभाऊंनी अनुक्रमणिकेचं लिहिलं आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. गाण्यांचं कोडं तेच का?

सोल्डर_गन:
तेच. शाब्बास.

रेसच्या त्या गेममधे गाणी डेटा म्हणून नसतात, साध्या ऑडिओ सीडीसारखे वेगळे ट्रॅक असतात. गेम ड्राइव्हला म्हणतो ट्रॅक ५ कुठे सुरू होतो ते सांग, ड्राइव्ह अनुक्रमणिकेत बघून सांगतो. पण झाकणाचं बटण सुटलं नाही म्हणून ड्राइव्हने नवी अनुक्रमणिका वाचलीच नाही, त्याच्याकडे पहिल्या सीडीचीच आहे. गेमचा डेटा सेक्टरच्या पत्त्याने वाचला जातो, पत्ता सीडीवरच जागोजाग लिहिलेला असतो, म्हणून गेम नीट चालतो. गाणी मात्र जुन्या यादीवरून शोधली जातात. तुमची सुरुवातीची सीडी बरेच ट्रॅकवाली असेल तर जपानी गाणं मधूनच कुठून तरी लागेल. आणि सुरुवातीच्या सीडीत एकच डेटा ट्रॅक असेल तर ट्रॅक ५ नावाचं काही नाहीच, गाणंच नाही. तुम्ही दोन्ही वर्णन केलंय, म्हणजे तुम्ही वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या सीडीने सुरुवात करत होतात.

भांडुपची_ताई:
सीडीत गाणी असायची त्यावरून आठवलं, पहिल्या प्लेस्टेशनवरचा रिज रेसर. तो अख्खा मशिनच्या मेमरीत मावायचा, मग त्याची सीडी काढून आपली गाण्यांची लावली तरी रेस चालू. बाबांची भावगीतांची सीडी लावून मी गाड्या पळवल्यात. सीडी बदलायला कंपनीनेच दिलेली मोकळीक होती ती.

सोल्डर_गन:
आणि तिसरा मजला, आता खोडरबराचीही गरज नाही हे सांगून ठेवतो. त्या ड्राइव्हच्या कंट्रोलरमधे गुप्त आज्ञा निघाल्या. 'लायसन्स्ड बाय', 'सोनी', 'कॉम्प्युटर', 'एंटरटेनमेंट' आणि शेवटी भागाचं नाव, असे शब्द ठरलेल्या क्रमाने पाठवले की ड्राइव्ह नागमोड न बघता उघडतो. युरोप आणि अमेरिकेच्या मशिनवर चालतं, जपानी मशिनवर नाही. २०२१ च्या टोनीहॅक्समधे हेच वापरलंय, मेमरी कार्डवरच्या एका सेव्हमधून सुरू होतं. लेन्सला आणि डोळ्याला दोन्हीला बरं.

तिसरा_मजला:
ते करीन नक्की. पण आज आधी जुन्या पद्धतीने करून बघितलं, एकदाच, मुलीला आतल्या खोलीत पाठवून, तोंड लांब ठेवून.

लेन्स सुरुवातीला वाचेना. मग आठवलं, आम्ही मशिन उलटं ठेवायचो, कारण ह्या जुन्या मॉडेलमधे लेन्सचा प्लास्टिकचा सरका वीजपुरवठ्याच्या गरमीने झिजतो आणि लेन्स खाली कलते. झाकण उघडं ठेवायचं तर उलटं कसं ठेवणार, म्हणून उभं केलं, दोन बाजूंना वह्यांच्या थप्प्या लावल्या. खोडरबर नवं आणलं, चौकोनी तुकडा कापला, भोकात बसवला. चौथ्या प्रयत्नात जपानी अक्षरं आली. माझ्या हातांना तो वेग अजून आठवतोय हे मला खरंच माहिती नव्हतं.

आधी मारामारीच्या गेमची सीडी वापरून सुरुवात केली, तिला कॉम्प्युटरवर बघितलं तर एकच ट्रॅक आहे. रेस सुरू झाली, गाणं नाही. इंजिन आणि टायर, बस. मग बंद करून फुटबॉलच्या सीडीने सुरुवात केली, तिच्यात अकरा ट्रॅक. सहाव्या प्रयत्नात जमलं. पहिल्या वळणाच्या आधी गाणं लागलं, अगदी मधूनच, ढोल चालू असताना, आणि अर्ध्या मिनिटात पुढच्या गाण्यात घुसलं.

मामाला फोन लावून स्पीकरवर ऐकवलं. तो म्हणाला, हेच तर वाजायचं.